सेक्टर 12 ते सेक्टर 17

चंडीगडमध्ये रस्त्याचं नाव सांगून पत्ता सापडत नाही. इथे आकडा सांगावा लागतो. सरकारी रुग्णालयांनाही लोक आकड्यानंच ओळखतात, ‘सोलह का अस्पताल’ आणि ‘बत्तीस का अस्पताल’. सेक्टर 12 मधल्या पीजीआयला मात्र आकडा जोडावा लागत नाही. अमृतसरच्या शेतकऱ्याला, सिमल्याच्या मास्तरांना आणि सहारनपूरच्या विणकराला ‘पीजीआय रेफर’ एवढे दोन शब्द पुरतात. 1962 मध्ये सुरू झालेल्या आणि 1967 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेवर सगळा वायव्य भारत विसंबून आहे.

तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर सेक्टर 17 आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातलं हे शहराचं मध्यवर्ती केंद्र. खाली दुकान आणि वर कचेरी अशा इमारतींना इथे ‘एससीओ’ म्हणतात. या एससीओंच्या रांगांमध्ये बँका आहेत, सरकारी विमा कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि एजंटांच्या बसण्याच्या जागा आहेत. आजारपणाचा खर्च सेक्टर 12 मध्ये होतो आणि त्या खर्चाची हमी सेक्टर 17 मध्ये विकली जाते. परवडणारा आरोग्य विमा कुठे आणि कसा मिळतो हा प्रश्न भारतातल्या कुठल्याही शहरात विचारता येईल. चंडीगडमध्ये मात्र त्याची सगळी उत्तरं, चांगली आणि वाईट, एकाच दिवसात पायी फिरून पाहता येतात.

मराठी वाचकानं या शहराकडे पाहावं याला आणखी एक कारण आहे. इथे मराठी माणूस आहे. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत आहे, सेक्टर 30 मधल्या सीएसआयओत आणि सेक्टर 39 मधल्या इमटेकसारख्या प्रयोगशाळांत आहे, बँकांत आहे. त्यांना सरकारी किंवा नोकरीचं छत्र असतं. पण उत्तर भारतातल्या सराफ बाजारांत विटा, आटपाडी, तासगाव भागातून आलेला गलाईवालाही आहे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा हा माणूस भट्टी आणि तेजाबाच्या धुरात दिवस काढतो. त्याला नोकरी नाही, म्हणून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नाही. रेशनकार्ड गावाकडे, दुकान परक्या राज्यात. विम्याच्या बाबतीत सगळ्यात उघडा पडतो तो हाच.

पीजीआयच्या दारातली गर्दी पाहिली की विमा कशाकशाला पुरत नाही हे आधी कळतं. केसपेपरची फी नाममात्र, खाटेचं भाडंही खासगीच्या मानानं नगण्य. तरीही माणसं कर्जबाजारी होऊन परततात, कारण खर्च खाटेबाहेर होतो. सोबत आलेल्या दोघांचं जेवण, सराईतली जागा, किन्नौर किंवा पूंछहून येण्याचं भाडं आणि या काळात बुडालेली मजुरी, यातलं काहीही पॉलिसीत बसत नाही. जगदीशलाल आहुजा यांनी हे फार आधी ओळखलं होतं. फाळणीत पेशावरहून आलेले, केळीच्या धंद्यात मोठे झालेले हे गृहस्थ वर्षानुवर्षं पीजीआयबाहेर रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना जेवू घालत राहिले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या मालमत्ता विकल्या. लोक त्यांना ‘लंगरबाबा’ म्हणत. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. ते जे काम करत होते, ते आजही कुठल्याही विमा कंपनीच्या हिशेबात नाही.

देशाचा आकडा असा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला 64.2 टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. 2021-22 पर्यंत तो 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजारी माणूस आणि त्याचं घर देतं, तेही कमाई थांबलेल्या महिन्यात.

आता या शहराची खरी गंमत पाहा. चंडीगड, मोहाली आणि पंचकुला मिळून ‘ट्रायसिटी’ होते. माणसं सकाळी एका भागात उठतात, दुसऱ्यात कामाला जातात, तिसऱ्यात बाजार करतात. पण मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात आणि चंडीगड केंद्रशासित. रस्ता ओलांडला की आरोग्याचं छत्र बदलतं.

मोहालीतल्या कुटुंबाला पंजाबची योजना लागू. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंजाबनं आयुष्मान भारतला जोडून आपली सरबत सेहत बीमा योजना सुरू केली आणि तिच्यात ‘जे फॉर्म’ असलेल्या शेतकऱ्यांना घेतलं. जे फॉर्म म्हणजे मंडीत धान्य विकल्यावर आढतीकडून मिळणारी पावती, आपल्या बाजार समितीतल्या हिशेबपट्टीसारखी. गहू विकल्याचा कागद हाच दवाखान्याचा परवाना झाला. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. माणूस गरीब आहे का हे विचारण्याऐवजी तो बाजारात काय देतो हे तिथे पाहिलं गेलं. जुलै 2025 मध्ये पंजाबनं सर्व रहिवासी कुटुंबांना 10 लाखांपर्यंत मोफत उपचार देण्याची घोषणा केली. घोषणा मोठीच आहे, पण 2022 च्या ऑगस्टमध्ये पंजाबकडची थकबाकी वाढल्यामुळे पीजीआयनं तिथल्या आयुष्मान लाभार्थ्यांचे कॅशलेस उपचार थांबवले होते, हेही विसरता येत नाही. पैसे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात हातात कार्ड धरून काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र रोख मोजावी लागली. सरकारनं वेळेवर पैसे भरले नाहीत तर कार्डाला अर्थ राहत नाही.

पंचकुल्यात हरियाणाची चिरायू योजना. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर विमा फुकट. त्याच्या वर, 3 लाखांपर्यंतच्या कुटुंबांना 2023 मध्ये वर्षाला 1,500 रुपये भरून सामील होण्याची सोय झाली. संरक्षण 5 लाखांचं. हिमाचलनं तर 1 जानेवारी 2019 पासून हिमकेअर आणली. अंगणवाडी सेविका, आशा, एकल स्त्रिया, अपंग यांना वर्षाला 365 रुपये, म्हणजे दिवसाला एक रुपया. इतरांना 1,000 रुपये. 2024 च्या सप्टेंबरपासून हिमाचलनं या योजनेतून खासगी रुग्णालयं वगळली, त्यामुळे तिचा पल्ला आखडला. तरीही सरकारला वाटलं तर मध्यम वर्गाला हजार-दीड हजारात 5 लाखांचं छत्र देता येतं, हे या दोन शेजाऱ्यांनी दाखवून दिलं.

पंजाब आणि हरियाणाच्या मधोमध असलेल्या चंडीगडमध्ये केंद्राची आयुष्मान भारत आहे. 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेली ही योजना पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख देते, आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून धरते आणि देशभर चालते. प्रश्न पात्रतेचा आहे. पाया 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेचा. सेक्टर 22 मध्ये छोटं दुकान चालवणारा, शिकवण्या घेणारी, कंत्राटावर काम करणारा संगणक ऑपरेटर यांचं नाव त्या यादीत सहसा नसतं, आणि हरियाणासारखा पैसे भरून आत येण्याचा मार्ग त्यांना इथे नाही. नीती आयोगानं ऑक्टोबर 2021 च्या अहवालात अशा लोकांना मधला सुटलेला वर्ग म्हटलं आणि त्यांची संख्या लोकसंख्येच्या 30 टक्के, म्हणजे सुमारे 40 कोटी धरली. त्यांनी जायचं कुठे? सेक्टर 17 ला.

तिकडे जाण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात असं मी प्रत्येकाला सांगते. घरात 70 वर्षांचं किंवा त्याहून मोठं कुणी असेल तर 29 ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. खासगी पॉलिसी असली तरीही मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. दुसरी गोष्ट ईएसआयची. इंडस्ट्रियल एरियात, शोरूममध्ये किंवा हॉटेलात 21 हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून फक्त पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे 16 हजार पगारावर महिन्याला 120 रुपये. त्यात सगळं कुटुंब येतं, आजारपणातल्या रजेचा मोबदलाही येतो. रामदरबारमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. इतक्या कमी पैशांत इतकं देणारा विमा विरळाच, तरी पगाराच्या चिठ्ठीवरची ती ओळ बहुतेक जण वाचतही नाहीत. मालक हिस्सा भरतो की नाही, हे तर त्याहून कमी लोक पाहतात.

बाजारातल्या विम्याचा इतिहास फार जुना नाही. सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला 1986 मध्ये. खासगी कंपन्या आल्या 2000 नंतर. आज एजंटाकडे किंवा मोबाइलवर विचारलं की पहिला प्रश्न येतो ‘बजेट किती?’ आणि मग सगळ्यात कमी हप्त्याची पॉलिसी पुढे येते. ती स्वस्त का आहे हे समजून घ्यायला खोलीच्या भाड्याचं कलम वाचावं लागतं. हे कलम मी इथे उलगडून दाखवते, कारण मराठी घरांतही बरेच पैसे इथेच बुडतात.

समजा पॉलिसी 3 लाखांची आहे आणि खोलीच्या भाड्याला दिवसाला एक टक्क्याची, म्हणजे 3,000 रुपयांची मर्यादा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मोहालीच्या खासगी रुग्णालयात आपण 6,000 ची खोली घेतली, पाच दिवस राहिलो. खोलीचे 30 हजार झाले. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून 1 लाख 20 हजार. औषधं आणि तपासण्या 80 हजार. एकूण 2 लाख 30 हजार. घरात सगळ्यांना वाटतं, विमा 3 लाखांचा आहे, म्हणजे निर्धास्त. कंपनी मात्र म्हणते की मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली, म्हणून खोलीशी जोडलेला सगळा खर्च निम्मा. खोलीचे 15 हजार मिळतात आणि डॉक्टर-शस्त्रक्रियेचे 60 हजार. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते 80 हजार पूर्ण. कंपनी 1 लाख 55 हजार देते आणि 75 हजार आपण. खोलीतला फरक होता अवघा 15 हजारांचा, बाकीचे 60 हजार त्या फरकाच्या मागोमाग गेले. डिस्चार्जच्या दिवशी विमा दाव्यांच्या (टीपीए) डेस्कसमोर हे पहिल्यांदा कळतं, आणि तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून हप्त्याकडे पाहून विमा स्वस्त की महाग हे ठरवू नये. घरी जाताना आपल्याला किती भरावं लागेल, यावर ठरवावं.

किमतींची खरी तुलना करता येईल अशी एक पॉलिसी बाजारात आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आरोग्य संजीवनी. 1 एप्रिल 2020 पासून प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला ती विकणं बंधनकारक आहे. कलमं सगळीकडे शब्दशः सारखी, फरक फक्त हप्त्यात. खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला कमाल 5,000 रुपये. प्रत्येक दाव्यात पाच टक्के आपल्या खिशातून. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे कमाल 40 हजार. खासगी मोठ्या रुग्णालयाच्या दरांपुढे ती अपुरी पडते हे खरं. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी ती प्रामाणिक सुरुवात आहे, कारण तिच्यात लपलेलं काही नाही. तिच्यावर सुपर टॉप-अप घेता येतो. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण किंवा पहिली पॉलिसी पेलते आणि त्यावरचा टॉप-अप. त्याचा हप्ता त्यामुळेच कमी असतो.

2024 आणि 2025 मध्ये नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं ग्राहकाच्या बाजूनं बरंच काही केलं आहे आणि ते मनापासून सांगायला हवं. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. सलग पाच वर्षं हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं मे 2024 च्या परिपत्रकात आहे. 65 वर्षांनंतर नवी पॉलिसी न देण्याची आडकाठी गेली. जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठांचे हप्ते वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचे तर आधी नियामकाशी बोला, असा आदेश निघाला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. 25 हजारांच्या हप्त्यावर 4,500 रुपये कर होता. तो संपला. पण त्याच सुमारास रुग्णालयांच्या संघटनेनं 1 सप्टेंबरपासून उत्तर भारतात एका मोठ्या विमा कंपनीच्या ग्राहकांना कॅशलेस सेवा थांबवण्याची हाक दिली होती. पुढे तोडगा निघाला. दरांवरून रुग्णालयं आणि कंपन्या भांडतात तेव्हा मधे रुग्ण असतो, हे त्यातून पुन्हा दिसलं.

आणि आता बाजारच नवा येतो आहे. विमा सुगम. 2024 मध्ये नियम झाले, ना-नफा तत्त्वावर कंपनी स्थापन झाली आणि 17 सप्टेंबर 2025 ला हैदराबादमध्ये तिच्या संकेतस्थळाचं उद्घाटन झालं. सुरुवातीला फक्त माहिती, खरेदी-विक्री आणि दावे पुढच्या टप्प्यांत. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एका ठिकाणी, कमिशनच्या दबावाशिवाय पाहता येतील ही अपेक्षा आहे. अमेरिकेत 2010 च्या कायद्यानं असाच बाजार उभारला आणि 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तो उघडला. तिथे आधीच्या आजारामुळे कुणाला नाकारता येत नाही आणि उत्पन्नानुसार सरकार हप्त्याचा भाग उचलतं. यातली दुसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. आपल्या नव्या बाजारात तुलना असेल, सोय असेल, पण हप्त्याला हातभार नसेल. ज्याला हप्ता परवडत नाही त्याला तो अधिक स्पष्टपणे परवडणार नाही, एवढंच होईल.

गलाईवाल्याकडे परत येऊ. त्याच्या गावाकडच्या रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता महाराष्ट्रातल्या सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे आणि 2024 पासून तिचं संरक्षण 5 लाखांचं आहे. पण देशभर चालणारा भाग केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांपुरता. बाकीच्यांना उपचार हवे तर गाठायची सांगली. छातीत दुखायला लागल्यावर उत्तर भारतातून सांगली गाठता येत नाही. म्हणून त्याला खासगी पॉलिसी घ्यावीच लागते आणि तिथे त्यानं तीन गोष्टी पाळाव्यात. अर्जात धंदा खरा लिहावा, भट्टी आणि तेजाबासकट. दमा, रक्तदाब, साखर असेल तर लपवू नये, कारण एजंटानं ‘राहू द्या, कुणी बघत नाही’ म्हटलं तरी सही आपलीच असते. आणि पॉलिसीतला ‘झोन’ पाहावा. काही कंपन्या शहरानुसार हप्ता ठरवतात. कमी दराच्या शहराच्या पत्त्यावर घेतलेली पॉलिसी मुंबईत वापरली तर बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागू शकतो. आई-वडिलांच्या उपचारांसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मराठी कुटुंबानं हे आधी विचारून घ्यायला हवं. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, ते मागून घ्यावं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

दावा नाकारला तर? याचंही उत्तर सेक्टर 17 मध्येच आहे. 17-ए मधल्या जीवनदीप इमारतीत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. पंजाब, हिमाचल, जम्मू-काश्मीर, लडाख, चंडीगड आणि हरियाणाचा बहुतेक भाग त्याच्या कक्षेत येतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर नकारापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे. फी नाही, वकील नाही, दावा 50 लाखांपर्यंत. निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्याला मान्य नसेल तर आपण पुढे जाऊ शकतो. पुढे म्हणजे ग्राहक आयोग. राज्य आयोग सेक्टर 19 मध्ये मध्य मार्गावर आहे. महाराष्ट्रात अशीच लोकपाल कार्यालयं पुण्याला आणि मुंबईला आहेत. पॉलिसी विकताना माणसं दारात येतात आणि दावा अडला की फोन उचलत नाहीत. त्या वेळी या कार्यालयाचा पत्ता ठाऊक असणं फार मोठा आधार आहे.

एवढं फिरल्यावर मला जे दिसलं ते स्पष्ट लिहिते. गरिबाला योजना आहे, नोकरदाराला ईएसआय किंवा कंपनीची पॉलिसी आहे, सत्तरीपुढे वय वंदना आहे. सर्वांत महाग विमा घ्यावा लागतो तो साठ ते सत्तरमधल्या, पेन्शन नसलेल्या, पोटापुरतं कमावून थकलेल्या माणसाला, आणि नेमका त्याच वयात आजार सुरू होतो. म्हणून मागणी दोन. वय वंदनेची अट सत्तरवरून साठावर आणा. आणि विमा सुगमच्या पहिल्या पानावर खासगी पॉलिसींच्या आधी एक दार ठेवा, ज्यातून हरियाणानं 1,500 आणि हिमाचलनं 1,000 रुपयांत दिलं तसं, कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही कुटुंबाला आपला हप्ता भरून आयुष्मान भारतमध्ये येता येईल. रेशनकार्ड सांगलीचं आहे की चंडीगडचं, हे तिथे विचारू नका.

वाचकांपैकी कुणाचे आई-वडील सत्तरीपुढचे असतील, तर त्यांचं आधारकार्ड घेऊन आयुष्मान योजनेतल्या जवळच्या रुग्णालयात आरोग्य मित्राकडे जा, किंवा 14555 ला फोन करा. कार्ड फुकट मिळतं.